एक पान कमी

स्मरणिकेसाठी दोन पानं द्या, म्हणाले,
मंडळाचा इतिहास, फोटोसह, पंधरा तारखेच्या आत.
जुन्यांपैकी हाताशी येण्यासारखे आता तुम्हीच,
आणि वह्या तुमच्याकडेच आहेत ना?

आहेत. पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांसोबत.
वह्यांच्या खाली आणखी एक वस्तू आहे,
ती मागून सांगतो.

पहिल्या वहीवर तारखेच्या आधी तेलाचा डाग.
सन एकाहत्तर, चोपडा.
जिनिंगच्या मागची खोली, भाडं बारा रुपये, तिघांत:
सुपडू झांबरे अडावदचा, झिपरू सोनवणे लासूरचा,
आणि नूरा तडवी, ज्याच्या गावाला एस.टी. जात नव्हती.

तरी साडेनऊला तिघंही स्टँडवर.
कंडक्टर सीटखालून डबे काढायचा,
फडक्यात बांधलेले, गाठीला चिठ्ठी,
आणि नूरासुद्धा हात पुढे करून उभा.
"डबा उना का रे?"
"येईल. मागच्या गाडीनं."
मागची गाडी नव्हतीच.
झिपरूला हे आठवड्यानं कळलं.
सुपडूला पहिल्याच दिवशी कळलं होतं, बोलला नाही,
घरी निरोप धाडून कळण्याच्या भाकरी
चाराच्या सहा करून घेतल्या.

वहीत पहिला ठराव, पेन्सिलीत:
डबे एकत्र उघडायचे. कोणाचा कुठला, विचारायचं नाही.
अनुमोदन सर्वांचं.

मग वाढलं.
त्र्याहत्तरला अकरा, अठ्ठ्याहत्तरला बेचाळीस.
चटई गेली, बाक आले. स्टोव्ह आला, भडकला, नवा आला.
हिवाळ्यात बामणोदची वांगी पोत्यानं,
कपाशीच्या काड्यांवर भाजायची, धूर थेट प्राचार्यांच्या खिडकीत.
कोणी डॉक्टर झालं, कोणी तलाठी,
सुपडू केळीच्या गाड्या दिल्लीला भरू लागला
आणि दर दिवाळीला त्याची मनीऑर्डर.
शिक्का बनवला, गोल, मधे डबा,
भोवतीची अक्षरं इतकी बारीक की कुणालाच वाचता आली नाहीत.
घटना लिहिली, अठरा कलमं.
पेन्सिलीतला ठराव अकराव्या कलमात गेला.
बेचाळीस मतं म्हणजे काय
ते एका जीपवाल्याला आमच्याआधी समजलं.

शहाऐंशी. सचिव मी.

नव्या पोरांना आम्ही बाकावर उभं करायचो,
डबा डोक्यावर, नाव, गाव, बापाचा धंदा, मोठ्यानं.
गंमत म्हणायचो. आमचीही झाली होती.
वैजापूरचा दुरसिंग पावरा
नाव बोलला, गाव बोलला, मग गप्प.
कोणीतरी झाकण उघडलं.
मक्याची भाकर, लसणाची लाल चटणी.
"हे खातोस तू?" कोणीतरी म्हणालं.

कोणीतरी म्हणजे मी.

संध्याकाळच्या गाडीनं तो गेला.
डबा बाकावरच, झाकण पुन्हा नीट लावलेला.
त्या दिवसाचं पान मी रात्री फाडलं.
शिवणीची वही ती, जोडीचं पानही सैल होऊन निघालं,
मागचं, कोरं.

दोन हजार चारला मुलींनी आपलं वेगळं सुरू केलं,
दवाखान्यासमोर, वरच्या मजल्यावर.
आमचं नाव नको म्हणाल्या, शिक्का नको.
कल्याणी बेंडाळे वही मागायला आली,
उभ्याउभ्या पहिला ठराव उतरवून घेतला,
"एवढं पुरे, काका."

आता इमारत आहे, दोन मजली,
संगमरवरावर देणगीदार, वरून तिसरा सुपडू, नावामागे कैलासवासी.
नूराच्या मुलाचा फोन होता, बाबांना प्रवास झेपत नाही.
केटरर जळगावचा, शेवभाजी, बट्टी, आइस्क्रीम,
सारखा विचारतो, पानं किती धरू.

दोन पानं, म्हणाले.
मी सभासदांची यादी काढली.
शहाऐंशीच्या ओळींत दाटीनं एक नाव बसवलं:
दुरसिंग पावरा, वैजापूर.
वर्गणीच्या रकान्यात पेन बराच वेळ थांबलं.
मग लिहिलं: बाकी. आमच्याकडून.

संपादक हे छापतील असं वाटत नाही.

पेटीत वह्यांखाली त्याचा डबा आहे.
कडी अजून घट्ट बसते.